फक्त सिंचित जमिनीसाठी

'समजलं' या शब्दावर बोरसे आबांचा विश्वास नव्हता. कंपनीचं एखादं माहितीपत्रक तयार झालं की ते फोन उचलायचे आणि वहीतल्या एखाद्या शेतकऱ्याला लावायचे. कधी यावलचा, कधी शिरपूरचा, कधी चाळीसगावकडचा. पत्रकातलं एक वाक्य सावकाश वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "आता मी काय बोललो ते मला सांगा."

"समजलं ना आबा."

"समजलं असेल. पण काय समजलं?"

मग तो माणूस आपल्या बोलीत सांगायचा, आणि बऱ्याचदा आम्हाला जे म्हणायचं असे त्याच्या नेमकं उलटं सांगायचा. आबा हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. "चूक तुमची नाही, माझी आहे," म्हणून फोन ठेवायचे आणि माझ्याकडे वळायचे. "ज्योती, तिसरी ओळ काढ. नव्यानं लिहू."

मी तेव्हा जळगावच्या एमआयडीसीत एका लहानशा कंपनीत डीटीपीचं काम करायचे. ज्या मोठ्या कारखान्यांमुळे शहराचं नाव झालं त्यांच्याशी आमचा काही संबंध नव्हता. आमच्याकडे पाण्यात विरघळणारी खतं आणि ठिबकच्या नळ्या साफ करायची औषधं बाहेरून पिंपांत यायची आणि बाटल्यांत भरून दुकानांत जायची. पिंपांबरोबर इंग्रजी कागद यायचे. त्यांचं मराठी करायचं काम आबांचं, आणि ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. एका खोलीत दोन टेबलं, मध्ये कुरकुरणारा पंखा, आणि पलीकडे प्लायवूडच्या भिंतीआड महाजनसाहेबांची केबिन.

आबांचं गाव सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून आत. धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झालेले, त्यानंतर बरीच वर्षं स्वतः शेती केलेली. त्यामुळे कागदावरचं इंग्रजीही त्यांना कळायचं आणि ते ज्याच्यासाठी लिहिलंय त्याच्या पायाखालची मातीही. उंच, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिसा मात्र कायम फुगलेला, कारण त्यात चिठ्ठ्या असायच्या. औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा कापून ते त्या बनवायचे. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला त्याला कुठल्या गावात काय म्हणतात आणि ते कोणी सांगितलं. सांगणाऱ्याचं नाव लिहायला ते कधी विसरायचे नाहीत. "शब्द काय झाडाला लागतो का? कोणाच्या तरी तोंडून येतो. त्याचं नाव नको?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला टाइप करायला एक इंग्रजी ओळ दिली आणि म्हणाले, मराठी तूच कर. ओळीत 'इरिगेट' होतं. मी ऐटीत टाइप केलं, 'पिकास सिंचन करावे.' आबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वडील काय करतात?"

"शेती. धरणगावजवळ."

"घरून निघताना आईला काय सांगून निघतात? सिंचन करायला चाललो?"

"नाही. पाणी भरायला चाललो, म्हणतात."

"मग तसं लिही. सिंचन सरकार करतं. शेतकरी पाणी भरतो."

या एका क्रियापदाच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे सगळ्यात जास्त होत्या. आमच्या कामात ते प्रत्येक कागदावर यायचं, आणि प्रत्येक वेळी आबा त्याच्याकडे नव्यानं बघायचे. मला समजावून सांगायचे, "हे बघ, इंग्रजीत शेताला धरून बोलतात. शेत इरिगेट करतात. आपण पाण्याला धरून बोलतो. पाणी भरतो, पाणी देतो. शेताला नुसता 'ला' लावून बाजूला उभं करतो. म्हणून शब्दाच्या जागी शब्द ठेवलास की वाक्य लंगडतं." एकदा कुठल्याशा कॅलेंडरसाठी 'नदी खोऱ्याला इरिगेट करते' अशा अर्थाची ओळ आली होती. त्या ओळीवर आबा दोन दिवस अडले. नदी काय फावडं घेऊन पाणी भरते का, म्हणत खोलीत फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये भांडी घासायला येणाऱ्या अक्कांना त्यांनी विचारलं, "अक्का, तुमच्या गावची जमीन कशावर?" अक्का म्हणाल्या, "बठ्ठी नदीवर भिजस." आबा तसेच हात न धुता परत आले. "लिही ज्योती. या नदीवर सारं खोरं भिजतं." चिठ्ठीवर अक्कांचं पूर्ण नाव लिहिलं गेलं. अक्कांना ते दाखवलं तर त्या लाजून हसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

काकूंच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या पायाला साखरेमुळे जखम झाली होती. धुळ्याच्या दवाखान्यातून सोडताना कागदावर इंग्रजीत लिहून दिलं होतं की जखम रोज सलाइननं 'इरिगेट' करा. चुलत पुतण्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, काकूच्या पायाला आता पाणी भरायचं. घरातले हसले. आबा मात्र दुसऱ्या दिवशी एसटीनं परत धुळ्याला गेले आणि ज्या सिस्टरनं कागद लिहिला होता तिला शोधून काढलं. तिनं रिकाम्या सिरिंजनं करून दाखवलं. पुसायचं नाही, चोळायचं नाही, नुसती धार धरायची, घाण आपोआप वाहून जाते. त्या वर्षी आबांनी काकूंना जळगावच्या भाड्याच्या खोलीवर आणून ठेवलं. रोज सकाळी कामावर यायच्या आधी ते खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घ्यायचे आणि धार धरायचे. हे मला काकूंनीच सांगितलं. म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून इतका वेळ माझ्यासमोर बसला नव्हता हा माणूस."

त्या दिवसांत काकूंना अचानक ताप चढला, तेव्हा महाजनसाहेबांनी स्वतःची गाडी काढली आणि त्यांना धुळ्याला पोहोचवलं. दोन दिवस तिथंच थांबले. प्रकाश महाजन म्हणजे आमच्या कंपनीचं सगळं काही. माल, विक्री, दुकानदार, सगळं त्यांच्याकडे. मालक नाशकात असायचे. महाजन आणि आबा एकाच महिन्यात कंपनीत लागले होते. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो, आबा एकटे 'प्रकाश' म्हणायचे. दुपारी दोघं केबिनमध्ये डबा खायचे. आबांची उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी महाजन खायचे आणि महाजनांच्या पोळ्या आबा. आबा साठीनंतर निवृत्त झाले, तेव्हा महाजनांनीच त्यांना कंत्राटावर ठेवून घेतलं. धुळ्याहून परत आल्यावर आबा मला म्हणाले होते, "मला सख्खा भाऊ नाही. पण प्रकाश आहे."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढायचं एक नवीन औषध आलं. तीव्र आम्ल होतं. इंग्रजी कागदावर लाल चौकटीत एक ओळ होती: हे औषध फक्त 'इरिगेटेड' जमिनीत वापरा. आबा तिथं थांबले.

"याचे दोन अर्थ होतात," ते म्हणाले. "एक, या जमिनीला पाण्याची सोय आहे. दुसरा, या जमिनीला आत्ता पाणी दिलेलं आहे. पहिला सातबाऱ्यावर दिसतो, दुसरा पायाला कळतो. यांना कुठला पाहिजे?"

त्यांनी माल पाठवणाऱ्या कारखान्यात फोन लावून तिथल्या केमिस्टला गाठलं. केमिस्ट म्हणाला, माती ओली पाहिजे. ओल्या मातीत औषध पातळ होऊन निघून जातं, कोरड्या मातीत मुळं जाळतं. आबांनी दोन ओळी लिहिल्या: 'आधी दोन तास ठिबक चालवून जमीन ओली करा. कोरड्या जमिनीत हे औषध कधीही सोडू नका.' नेहमीप्रमाणे एकाला फोनवर वाचून दाखवलं. त्यानं बरोबर सांगितलं. मग प्रूफवर लाल शाईनं 'हेच छापणे' लिहून खाली सही केली.

त्याच दुपारी धुळ्याहून पुतण्याचा फोन आला. काकू आदल्या आठवड्यात तिकडे गेल्या होत्या, त्यांना पुन्हा दवाखान्यात ठेवलं होतं. आबा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी महाजनसाहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. लेबल छोटं आहे, दोन ओळी मावत नाहीत, म्हणाले. आणि शिवाय आधी दोन तास ठिबक चालवा असं वाचलं की गिऱ्हाईक कटकट नको म्हणून दुसरं औषध उचलतं, असं दुकानदार सांगत होते. त्यांनी मोबाइलवर शब्द शोधला. "इरिगेटेड म्हणजे सिंचित. हे बघ, इथंच दिलंय. फक्त सिंचित जमिनीसाठी. तीन शब्दांत काम झालं. इंग्रजीत तरी याहून वेगळं काय आहे?"

"आबांना विचारू या का?" मी म्हटलं.

"मी सकाळीच बोललो त्यांच्याशी. दवाखान्यात आहेत ते, त्यांना सारखा फोन नको."

मी ओळी बदलल्या. आबांच्या सहीचं प्रूफ टेबलाच्या खणातल्या फायलीत ठेवून दिलं.

काकू त्या खेपेला घरी आल्या नाहीत. सगळे विधी आटोपून आबा कामावर परतले, तोवर बाटल्या दुकानांत गेल्या होत्या. एरवी नवीन माल निघाला की ते पहिली बाटली मागवून घ्यायचे आणि खिडकीशी धरून अक्षर न अक्षर वाचायचे. या वेळी त्यांनी बाटली मागितली नाही. खुर्चीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. मीही विषय काढला नाही. साहेबांनी त्यांना विचारलंच आहे, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे विचारलेलं नसणार, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

मे महिन्यात रावेर-यावलकडून फोन यायला लागले. औषध सोडल्यावर काही केळीच्या बागा बसल्या होत्या. कंपनीच्या जीपमधून महाजनसाहेब, आबा आणि फोटो काढायला मी, असे तिघं वासुदेव चौधरी नावाच्या शेतकऱ्याकडे गेलो. साठीच्या आसपासचा शांत माणूस. आबांची आणि त्याची फोनवरची जुनी ओळख होती, प्रत्यक्ष पहिल्यांदाच भेटत होते. त्यानं आम्हाला बांधावर उभं केलं आणि एका केळीच्या बुंध्याशी हातानं माती उकरली. मुळं काळी पडली होती. बोटांत धरली तर साल निघून येत होती. सगळ्या ओळीची पानं कडांनी करपून खाली लोंबत होती.

"औषध सोडलं तेव्हा जमीन ओली होती का?" महाजनांनी विचारलं.

"नव्हती. आठ दिस मोटर जळेल व्हती. मोटर चालू झाली तसं पहिलं औषधच सोडलं, म्हटलं नळ्या साफ होतीन."

"कोरड्या जमिनीत कसं सोडलं मग?"

वासुदेवभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बाटलीवर काय लिहेल हाये साहेब? सिंचित जमिनीसाठी. माही जमीन बापाच्या येळेपासून बागायत हाये. विहीर हाये, ठिबक हाये, सातबाऱ्यावर हाये. मंग अजून कशी पाहिजे?"

आबा म्हणाले, "बाटली बघू."

भाऊंनी घरातून बाटली मागवली. आबांनी ती आधी हात लांब करून धरली, मग डोळ्यांजवळ आणली. लाल चौकट वाचली. बाटली फिरवून मागची बाजू पाहिली, परत पुढची पाहिली. आपल्या दोन ओळी कुठेतरी असतील, म्हणून ते शोधत होते. मग त्यांनी ती शांतपणे भाऊंच्या हातात परत दिली. वळून जीपकडे चालू लागले.

परतताना रेल्वेचं फाटक लागलं, जीप थांबली. ड्रायव्हर खाली उतरला होता.

"प्रकाश, हे मी लिहिलेलं नाही."

पुढच्या सीटवरून महाजनांनी मान वळवली नाही. "माहीत आहे."

"मग?"

"जागा नव्हती आबा. मला वाटलं अर्थ तोच आहे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी खिडकीबाहेर बघायला लागले. पलीकडे केळीनं भरलेला ट्रक फाटक उघडायची वाट बघत उभा होता.

चार-पाच दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एक इंग्रजी पत्र टाइप करायला सांगितलं. आबा समोर बसले होते. पत्र आबांच्या नावानं होतं. लेबलवरचा मराठी मजकूर आपण केला, त्यातली चूक आपल्या नजरचुकीनं झाली, असं त्यात होतं.

"मालक म्हणतात, तक्रारीच्या उत्तरात एका कोणाचं तरी नाव पाहिजे," महाजन सांगत होते. "माझं नाव गेलं तर मालक इथलं सगळं बंद करतील. तुम्ही कंत्राटावर आहात, तुमचं काही जात नाही. आबा, तुम्ही एवढी सही केली की मी त्या सगळ्या बागांना नवी रोपं देतो. चांगली टिश्यू कल्चरची. लागवडीच्या आत."

आबांनी पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. "यात रोपांचं काही नाही."

"त्याचं वेगळं पत्र निघेल. मी शब्द देतोय ना."

आबांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. पत्रात एका ठिकाणी क्रियापदाचं रूप चुकलं होतं, त्यावर खूण केली. मी दुरुस्त करून नवीन प्रत आणली आणि त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं.

"आबा, तुमच्या सहीचं प्रूफ माझ्याकडे आहे."

"असू दे. तू काही बोलू नकोस. लोकांना रोपं मिळू दे."

"पण आबा..."

"गप्प बस म्हटलं ना."

मी गप्प बसले. मला ते सोयीचंही होतं. ओळी बदलल्या त्या माझ्याच हातांनी.

पाऊस पडून गेला. लागवडीचे दिवस आले. एका सकाळी वासुदेव चौधरी आणि त्यांच्या गावचे दोघं कंपनीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. वॉचमननं त्यांना अडवलं. आबांना कळलं तसे ते स्वतः खाली गेले, त्यांच्यामागे मी. वासुदेवभाऊंनी खिशातून एक कागद काढून दिला. कंपनीचं उत्तर होतं. मजकुराची चूक बाहेरच्या भाषांतरकाराची आहे, सबब कंपनीची जबाबदारी नाही. सोबत भाषांतरकाराच्या कबुलीची प्रत.

आबांनी आधी उत्तर वाचलं, मग स्वतःचं पत्र. 

"रोपं आली नाहीत तुमच्याकडे?"

"कसची रोपं?" वासुदेवभाऊ म्हणाले. मग त्यांनी इतर दोघांकडे पाहिलं. त्यांनीही कधी काही ऐकलं नव्हतं. रोपांची गोष्ट त्या केबिनच्या बाहेर गेलीच नव्हती.

 मग वासुदेवभाऊ म्हणाले, "आबा, तुमी त फोन करून इचारायचे ना, काय समजलं ते सांगा म्हनून. या खेपेले काऊन नाही इचारलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. आबांना तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी तिथंच उभी होते, मलाही सांगता आलं असतं. पण स्वतःच्या सहीचा कागद हातात धरून सांगितलेलं खरं ही सबबच वाटली असती, असं आबांना वाटलं असावं. आणि बाटली आपण पाहिली नव्हती, हेही त्यांच्या मनात असणार.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

तिघं निघून गेले. आबा वर आले आणि दार न वाजवता महाजनांच्या केबिनमध्ये गेले. प्लायवूडच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

"रोपांचं काय झालं?"

"आबा, बसा जरा. वरून नाही म्हणाले. मी काय करणार? माझ्या हातात असतं तर..."

"तू मालकांना विचारलं होतंस?"

आतून फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"प्रकाश, मी विचारतोय. एकदा तरी विचारलं होतंस?"

"विचारणार होतो. वेळच अशी आली की..."

ऑफिसात आबा कधी अहिराणी बोलायचे नाहीत. शेतकऱ्यांशी फोनवर बोलायचे, घरी बोलायचे, पण महाजनांशी नाही. त्या दिवशी बोलले. आवाज चढलेला नव्हता, उलट इतका खाली गेला होता की मला कान द्यावा लागला.

"मना भरोसा व्हता तुन्हावर."

बाहेर येऊन त्यांनी खणातल्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे कापडी पिशवीत भरले. डबा घेतला. चपला घालताना टेबलाला धरून क्षणभर उभे राहिले. मी उठले. मला वाटलं माझ्याशी काहीतरी बोलतील. त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं, मी खोलीत बसलेली असताना, आणि निघून गेले.

मी तिथं आणखी वर्षभर काम केलं. महाजनसाहेब माझ्याशी जास्तच चांगले वागायचे. इंग्रजी कागदांचं मराठी मोबाइलवर व्हायला लागलं, मी ते नुसतं चिकटवायचे. पुढे लग्न होऊन मी धुळ्याला आले आणि एका छापखान्यात लागले. सामान लावताना ती फाइल हाती आली. 'हेच छापणे', आणि खाली लाल शाईची सही.

एका रविवारी सोनगीरला एसटीतून उतरून रिक्षानं आबांच्या गावी गेले. ते ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. गाल बसले होते, दाढी वाढली होती. मला पाहून उठले, आत जाऊन स्वतः चहा केला. घरात दुसरं कोणी नव्हतं. चहा झाल्यावर मी पिशवीतून प्रूफ काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही, तसंच खाली वाकून वाचलं.

"महाजनसाहेबांना नेऊन दाखवू का हे?"

"त्याला माहीत आहे. त्याला काय दाखवायचं?" एक शेंग सोलून झाली. "वासुदेवला पाठव. त्याला खरं काय ते माहीत असावं. बाकी काही नको."

ते मी नंतर पाठवलं. मिळालं, असा वासुदेवभाऊंचा निरोप आला. त्यापुढे काही आलं नाही.

पण त्या दिवशी ओट्यावर मला राहवलं नाही. "आबा, तुम्हीच मला त्या दिवशी गप्प बस म्हणाला होतात."

"हो. म्हणालो होतो."

त्यांनी दाणे ताटात टाकले आणि सालं खाली. हात थांबले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण मला वाटलं होतं, तू ऐकणार नाहीस."

 खाली बघून मीही एक शेंग उचलली आणि सोलायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या शेतातला एक माणूस फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन आला. पन्नाशीचा असेल. काकू असताना एकदा मी या घरी आले होते, तेव्हा गावातलं कोणीही बाटली, पुडी, बँकेचा कागद, जे काही इंग्रजीत असेल ते घेऊन या ओट्यावर येऊन बसायचं. आबांनी सही केलेलं पत्र कोणीतरी मोबाइलवर पसरवलं होतं आणि ते या गावापर्यंत येऊन पोहोचलं होतं, हे मला नंतर रिक्षावाल्याकडून कळलं.

"राम राम आबा," तो म्हणाला, आणि बाटली माझ्यासमोर धरली. "ताई, तुम्ही कंपनीमा व्हतात ना? हाई जरासं वाची द्या. पंपले कितलं टाकानं?"

"आबा आहेत ना," मी म्हटलं.

त्यानं पायानं जमीन उकरली. "त्यासले कसाले तरास."

मी आबांकडे पाहिलं.

"वाच ज्योती," आबा म्हणाले.

मी वाचलं. बारीक अक्षर होतं, थांबत थांबत वाचावं लागलं. पंपाला किती टाकायचं ते सांगितलं, फवारल्यावर हात कशानं धुवायचे ते सांगितलं. त्यानं मान हलवली, बाटली घेतली आणि ओट्याकडे न बघता भिंतीच्या कडेनं निघून गेला. वाचत होते तितका वेळ आबांचे हात थांबले होते.

"निघ आता," ते म्हणाले. "सोनगीरची गाडी चुकेल तुझी."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी नेहमीप्रमाणे पाठीवर हात ठेवला, लगेच काढून घेतला. गल्लीच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. तो माणूस केव्हाच दिसेनासा झाला होता, आणि आबा अर्धवट सोललेली शेंग बोटांत धरून त्याच वाटेकडे बघत बसले होते.